उस्तादांचे नाव

सुरत म्हटले की मराठी मनाला दोन प्रसंग आठवतात : शिवछत्रपतींनी १६६४ व १६७० साली मारलेले छापे आणि १९०७ च्या डिसेंबरात जोडा भिरकावला जाऊन उधळलेली काँग्रेस. आज मला सांगावयाचे आहे ते त्या मंडपातले नव्हे. सुरतेच्या उत्तरेस, बडोद्यात, त्याच दिवसांत एक आखाडा घुमत होता.

जुम्मादादा व्यायाम मंदिर हे १८८० चे. उस्ताद जुम्मादादांचे शिष्य गजानन यशवंत तांबे पुढे प्रोफेसर माणिकराव म्हणून नावारूपास आले. शिष्याने संस्था वाढविली, ‘राजरत्न’ झाला. परंतु दारावर नाव राहिले ते उस्तादांचे. मला तरी ही गोष्ट साऱ्या डावपेचांहून मोठी वाटते.

तालमीतील जुनी रीत अशी, की उस्ताद एकेकाला जवळ घेणार आणि मर्जी बसेल त्यालाच शेवटचा डाव देणार. विद्या अशाने आटत जाते. माणिकरावांनी मुलांना रांगेत उभे केले, लाठी-लेझमीचे हात अंकांवर बसविले आणि हुकूम इंग्रजीत न देता हिंदुस्थानीत दिले. यात बारकावा थोडा हरवतो, हे खरे; पण १८७८ च्या कायद्याने शस्त्रे हिरावलेल्या देशात तरुणांच्या रांगांनी स्वभाषेतील हुकमावर एकच पाऊल उचलावे, याचा अर्थ सरकारलाही कळत असला पाहिजे.

१९०७ ते १९१० या काळात डभोईचा एक तरुण, जगन्नाथ गणेश गुणे, येथे शिकला. तेच स्वामी कुवलयानंद; १९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम उभारले. मांडी घालून बसणाऱ्या योगालाही त्यांनी पुढे संघव्यायामाची शिस्त लावली, तिचे मूळ मी याच हौद्यात शोधीन.

सुरतेत जन्मलेले अंबुभाई पुराणी यांनीही बंधू छोटुभाईंसह गुजरातभर आखाड्यांचे लोण नेले. त्यांचा हेतू उघड क्रांतीचा होता. १९१८ साली ते पाँडिचेरीस गेले, तरुण तयार आहेत म्हणाले. अरविंदांनी त्यांना थांबविले. हिंदुस्थान स्वतंत्र होणारच, असा भरवसा दिला. अंबुभाई पुढे तेथेच राहिले.

माणिकराव मात्र आपला आखाडा सोडून कोठे गेले नाहीत. हाडे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. ज्या हातांनी जंबिया फिरविला, त्याच हातांनी ते आलेल्याचे निखळलेले सांधे जागेवर आणीत.