तबकडीच्या समासात

नवीन पनवेलच्या आमच्या घरात वडिलांची पुस्तके अजून आहेत. त्यांतले एकही कोरे नाही. समासात पेन्सिलीच्या बारीक रेघा, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे एखाद्या ओळीशेजारी नुसती तारीख. ते शाळेत इतिहास शिकवत, आणि खूण न करता वाचणे म्हणजे न वाचणेच असे मानत. २००९ साली माझा आतेभाऊ परदेशातून येताना एक ब्लू-रे प्लेअर आणि डझनभर तबकड्या घेऊन आला. नुकतेच निवृत्त झालेले वडील चित्रपटही पुस्तकासारखेच पाहू लागले. काही तबकड्यांत आवडत्या प्रसंगावर खूण करून ठेवण्याची सोय होती. रिमोटचे बटण दाबले की ती जागा प्लेअरच्या स्मृतीत नोंदली जाई. चार-पाच महिन्यांत त्यांनी अशा कितीतरी खुणा केल्या. मग एका संध्याकाळी नवी तबकडी घातल्यावर पडद्यावर सूचना उमटली: साठवणीची जागा संपली आहे, जुना मजकूर पुसावा. काय पुसायचे याची यादी नव्हती. एकच बटण होते. ते मी दाबले. तबकड्या आजही कपाटात आहेत आणि चालतातही. खुणा तेवढ्या गेल्या.

घटना क्षुल्लक आहे, हे मान्य. पण मूळ कृतीला जोडलेली पुरवणी कुठे ठेवायची, आणि जागा अपुरी पडली तर काय पुसायचे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. चित्रतबकडीच्या तीस वर्षांच्या इतिहासात त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली. माझ्या मते त्यांतले सर्वांत प्रगत उत्तर सर्वांत कच्चे ठरले. ते का, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

*

पुरवणी ही आपल्याला नवी गोष्ट नाही. ऋग्वेदाला खिलसूक्ते आहेत. महाभारताला हरिवंश हे खिल जोडलेले आहे. हस्तलिखित पोथीत एखादा शब्द राहून गेला तर लेखनिक त्या जागी काकपदाचे चिन्ह करून सुटलेला मजकूर समासात लिहीत असे. वाचणारा काकपदापाशी थांबे, समासात जाई आणि परत ओळीत येई. मूळ आणि भर दोन्ही एकाच पानावर असत, आणि पान राहील तोवर दोन्ही राहत.

याच प्रश्नाचा आधुनिक काळातला सर्वांत मोठा उद्योग पुण्यात झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत, मूळ संहितेबाहेरचा ठरलेला मजकूर टाकून दिला गेला नाही. छोटे प्रक्षेप तारांकित करून तळटीपेत गेले, लांबलचक प्रक्षेप परिशिष्टात गेले. संहितेतून काढलेली ओळसुद्धा ग्रंथाच्या बाहेर गेली नाही, आणि ती का व कुठे हलवली हे वाचकाला दिसत राहिले. पुरवणीच्या व्यवस्थेचा याहून सभ्य नमुना माझ्या पाहण्यात नाही.

चित्रपटाच्या बाबतीतही आपल्याकडे पुरवणीची सुरुवात लवकर झाली. १९१७ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपट केला. त्यात खुद्द फाळके काम करताना दिसतात. पुढे तबकड्यांवर ‘मेकिंग’ या नावाने जो प्रकार रूढ झाला, त्याचा हा आपल्याकडचा पूर्वज. तो फिल्मच्या पट्टीवर होता म्हणून त्याचे तुकडे तरी उरले, आणि १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर त्यांना जागा मिळाली.

*

तबकडीवरच्या पुरवणीचा इतिहास लेझरडिस्कपासून सुरू होतो. लेझरडिस्क अमेरिकेत १९७८ साली बाजारात आली. १९८४ साली क्रायटेरियन या प्रकाशनाने ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ हे दोन चित्रपट तिच्यावर काढले. ‘किंग काँग’च्या दुसऱ्या ध्वनिपट्टीवर रोनल्ड हेवर या अभ्यासकाचे भाष्य मुद्रित केले होते. चित्रपट चालू असतानाच त्यावरची टीका ऐकायची, ही कल्पना तिथून रुळली. येथे प्लेअरला काहीच लक्षात ठेवायचे नव्हते. टीका तबकडीच्या अंगावरच कोरलेली होती.

प्लेअरला स्मृती देण्याचा प्रयत्न फिलिप्सने १९९१ साली बाजारात आणलेल्या सीडी-आयमध्ये दिसतो. तबकडीशी ‘संवाद’ साधायचा तर तिने मागचे काही आठवले पाहिजे, म्हणून यंत्रात कायम टिकणारी स्मृती बसवली. बहुतेक यंत्रांत ती होती ८ किलोबाइट. खेळातले गुण, अर्धवट सोडलेला डाव, पसंतीच्या नोंदी, सगळे तेवढ्यात. जागा भरली की वापरणाऱ्याने स्वतः जुन्या नोंदी पुसायच्या. ही स्मृती एका चिपमध्ये होती आणि चिपच्या आतच बॅटरी मोहोरबंद होती. बॅटरी संपली की स्मृतीही संपली. आज जुनी सीडी-आय यंत्रे जपणारे हौशी लोक ही चिप कोरून नवी बॅटरी जोडतात.

आपल्याकडे घरोघर पोचली ती व्हीसीडी. तिच्यात एका तबकडीवर जेमतेम सव्वा तासाचे चित्र मावे. चित्रपटालाच दोन-तीन तबकड्या लागत, मग पुरवणीला जागा कुठली? डीव्हीडीने ती जागा दिली. एका थरावर ४.७ गिगाबाइट, दोन थरांवर ८.५. वगळलेले प्रसंग, मुलाखती, भाष्ये या सगळ्यांची चैन सुरू झाली. पण ज्या यंत्रावर हे चालायचे त्याची स्वतःची स्मृती किती होती? मानकानुसार तबकडीवरच्या आज्ञावलीला लिहिण्यासाठी सोळा खण, प्रत्येक खण सोळा बिटांचा. एकूण ३२ बाइट. युनिकोडच्या सोळा-बिटी पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह एक खण व्यापते. ‘नवीन पनवेल’ एवढे लिहिले की, वेलांटी, मात्रा आणि मधली मोकळी जागा धरून, दहा खण भरले, उरले सहा. कोणत्या मेनूतून आलो, प्रश्नमंजूषेत किती गुण झाले, हे सारे या सोळा खणांत ठेवायचे, आणि तबकडी बाहेर काढली की विसरून जायचे. विसराळू यंत्र आणि भरगच्च तबकडी, असा हा संसार होता. त्यात एक मोठा लाभ दडलेला होता. यंत्राला काही सांभाळता येत नसल्यामुळे प्रकाशकाला सगळी पुरवणी तबकडीवरच द्यावी लागे. वीस वर्षांपूर्वीच्या डीव्हीडीवरची मुलाखत आज तशीच ऐकू येते, ती त्यामुळे.

*

२००६ साली उच्च-विभेदनाच्या दोन प्रतिस्पर्धी तबकड्या बाजारात आल्या. एचडी डीव्हीडीने पहिल्याच यंत्रापासून महाजालाची जोडणी आणि १२८ मेगाबाइटची स्मृती सक्तीची केली. ब्लू-रेने सावध पावले टाकली. आरंभीच्या यंत्रांना फक्त ६४ किलोबाइटच्या टिकाऊ स्मृतीची अट होती. नोव्हेंबर २००७ पासूनच्या नव्या यंत्रांना ‘बोनस व्ह्यू’साठी २५६ मेगाबाइट, आणि त्यावरच्या ‘बीडी-लाइव्ह’ श्रेणीला महाजालाची जोडणी व १ गिगाबाइट. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार घेतली आणि ब्लू-रे एकटे उरले.

बीडी-लाइव्हची कल्पना देखणी होती. तबकडीवर जावा भाषेतली आज्ञावली असे. ती प्रकाशकाच्या सर्व्हरवरून नवी पुरवणी उतरवून प्लेअरच्या स्मृतीत ठेवी. मग तबकडीवरच्या आणि स्मृतीतल्या फाइली एकत्र गुंफून प्रेक्षकापुढे जणू एकच तबकडी उभी केली जाई. सहा महिन्यांनी दिग्दर्शकाला काही सुचले तर तेही जुन्या तबकडीत दाखल! या गुंफणीच्या घटकाला मानकात ‘बाइंडिंग युनिट’ म्हटले आहे. पोथीच्या बांधणीची आठवण करून देणारा हा शब्द. काकपदाचेच हे नवे रूप म्हणता आले असते, पण समास आता पानावर राहिला नव्हता. पान एकीकडे, समास यंत्राच्या पोटात आणि शाई कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर, असे त्याचे तीन तुकडे झाले होते.

त्यातही मानक लिहिणाऱ्यांनी विचार केला नव्हता असे नाही. त्यांनी स्मृतीचे दोन विभाग केले होते. एकात आज्ञावलीच्या बारीकसारीक नोंदी म्हणजे गुण, पसंती, खुणा. दुसऱ्यात उतरवलेल्या जड फाइली. प्रत्येक प्रकाशकाला आणि प्रत्येक तबकडीला स्वतंत्र क्रमांकाचा कप्पा होता. एकाच्या आज्ञावलीला दुसऱ्याच्या कप्प्यात परवानगीवाचून हात घालता येत नसे. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच. पण याचा अर्थ असा की जागा संपली तर कोणतीही तबकडी दुसरीचा पसारा आवरू शकत नव्हती. आवराआवर प्रेक्षकाकडे आली, आणि कप्प्यांची खरी नावे म्हणजे आकडे व रोमन अक्षरांच्या अगम्य मालिका. कोणत्या मालिकेत कोणता चित्रपट आहे हे दाखवायचे की नाही, ते यंत्र बनवणाऱ्यावर सोडलेले. आमच्या यंत्राने ते दाखवले नाही. मानकातला भेद पडद्यावर येईपर्यंत पुसला गेला होता. आगामी चित्रपटाची जाहिरात आणि वडिलांची खूण, दोघांना एकच न्याय.

ती जागा भरली होती कशाने, हेही सांगितले पाहिजे. जाहिरातींनीच. आणि त्या मीच उतरवल्या होत्या. २००४ च्या केंद्रीय धोरणात ‘ब्रॉडबँड’ची व्याख्या सेकंदाला २५६ किलोबिट अशी होती. या वेगाने १ गिगाबाइट भरायला, वीज एकदाही गेली नाही तरी, पावणेनऊ तास लागतात. आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज न जाणे ही कल्पनाच होती. पुढे वेग वाढला, तरी महिन्याची मर्यादा राहिलीच. रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात मर्यादा लागू नसे, म्हणून मी घड्याळाचा गजर लावून उठत असे आणि जे मिळेल ते उतरवून घेत असे. एवढ्या कष्टाने मिळवलेले अर्थातच मौल्यवान वाटे. वडिलांच्या सगळ्या खुणा मिळून काही किलोबाइटही भरल्या नसतील. त्यांना ढकलून बाहेर काढले ते ज्यांची मुदत दोन महिन्यांत संपणार होती अशा जाहिरातींनी.

त्या काळात प्रेक्षकांच्या समासटिपांचीही मोठी स्वप्ने दाखवली गेली. २००८ च्या ‘स्लीपिंग ब्युटी’च्या ब्लू-रेवर चित्रपटाच्या दृश्याला आपला निरोप जोडून पाठवायची सोय होती, त्याच वर्षीच्या ‘द डार्क नाइट’वर प्रेक्षकाने स्वतःचे भाष्य मुद्रित करून इतरांपर्यंत पोचवायची. सामान्य वाचकाच्या टिपा मूळ ग्रंथाला जोडल्या जाव्यात, ही कल्पना कोणत्याही साहित्यप्रेमी माणसाला मोहवणारी आहे. पुढच्या दशकात एकेका स्टुडिओने आपले सर्व्हर बंद केले. तबकडीच्या मेनूत बीडी-लाइव्हची पाटी राहिली, दार उघडेना. ती भाष्ये कोणत्याही संग्रहालयात जमा झाली नाहीत, कारण ती ना तबकडीवर होती, ना प्रेक्षकाच्या हाती.

*

स्मृतीचा आकार ३२ बाइटांवरून १ गिगाबाइटवर गेला, म्हणजे तीन कोटी पटींहून अधिक वाढला. या वाढीत पुरवणी सुरक्षित व्हायला हवी होती. झाले उलट, कारण जागेबरोबर जबाबदारीचीही फाळणी झाली. ठेवणारा एक, पुसणारा दुसरा, आणि कशाचे मोल किती हे ठाऊक असणारा तिसराच. सुखटणकरांच्या तळटीपेत हे तिघे एकच होते.

आज प्रश्न जागेचा उरलेलाच नाही. ज्या पनवेलमध्ये मी एका गिगाबाइटसाठी रात्री जागत होतो, त्याच पनवेलजवळ जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीच्या ‘एनएम१’ या प्रचंड विदागाराचे उद्घाटन झाले. ७,२०० रॅकची क्षमता असलेली ती इमारत. आपण कोणता चित्रपट कुठे थांबवला, कोणता प्रसंग परत पाहिला, याच्या नोंदी आता अशाच कोठारांत अचूक राहतात. पण त्या कंपनीच्या टिपा आहेत, आपल्या नव्हेत. आपले वर्गणीचे खाते बंद झाले की त्या आपल्याला वाचता येत नाहीत, आणि आपण गेल्यावर मुलांना वारशात मिळत नाहीत.

त्या संध्याकाळी वडील रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि तबकड्या पहिल्यापासून पुन्हा पाहिल्या. डावीकडे चित्रपटाचे नाव, मग तास, मिनिटे, सेकंद, सगळे पेन्सिलीने. वही तबकड्यांच्या कपाटातच असते. गेल्या पावसाळ्यात मी त्यातली एक नोंद घेतली, तबकडी लावली आणि त्या जागी गेलो. एक म्हातारा माणूस रिकाम्या फलाटावर बसून बुटाची नाडी बांधत होता. बस्स, एवढेच. येथे खूण का केली, हे वहीत लिहिलेले नाही. पुस्तकांच्या समासातही ते कधी लिहीत नसत.