प्रवाळ पांढरे पडले की मेले? घरगुती मत्स्यालयातील ऱ्हासाचे निदान

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयातील प्रवाळ पांढरे दिसू लागले की ते मेले, असा समज होतो. प्रत्यक्षात या पांढरेपणाचे दोन प्रकार आहेत. प्रवाळाच्या ऊतकांत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषणातून त्याला अन्न पुरवतात. उष्णतेचा वा तीव्र प्रकाशाचा ताण वाढला की ती बाहेर टाकली जातात. यालाच विरंजन म्हणतात. त्यात पारदर्शक ऊतक सांगाड्यावर शाबूत असते आणि ताण हटल्यास रंग परतू शकतो. ऊतकच गळून सांगाडा उघडा पडला असेल, तर त्यावर थोड्याच दिवसांत शेवाळ चढते. तो भाग पूर्ववत होणे कठीण. भिंगातून पाहिल्यास हा फरक ओळखता येतो.

यानंतर ऱ्हास कोठून सुरू झाला, ते पाहावे. केवळ दिव्यासमोरचा पृष्ठभाग फिका पडला असल्यास प्रकाशाचा संशय घ्यावा. शेजाऱ्याकडील एकच कडा झडत असेल, तर त्या प्रवाळाच्या दंशपेशी कारण असू शकतात. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळात बुंध्यापासून ऊतक सुटत असेल, तर प्रथम अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, मोजावा. नैसर्गिक समुद्रात ती सुमारे ७ डीकेएच असते. मत्स्यालयात ८ वर स्थिर राहणारे पाणी ७ आणि १० यांदरम्यान हेलकावे खाणाऱ्या पाण्यापेक्षा बरे.

त्याआधी तापमान आणि लवणता मोजणे आवश्यक आहे, कारण ही दोन मापे चुकली तर पुढील तपासण्यांचा अर्थच बदलतो. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि लवणता हजारी ३५ भाग असावी. उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३५ अंशांवर गेले की टाकी तापते. वीज गेली की पंप थांबतो व प्राणवायूही घटतो. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून घटलेली पातळी गोड, शुद्ध पाण्यानेच भरावी. खारे पाणी ओतत राहिल्यास लवणता नकळत चढते. लवणतामापक ३५ च्या प्रमाण द्रावणाने जुळवून घ्यावा.

नायट्रेट-फॉस्फेट वाढले की प्रवाळ तपकिरी होतात. मात्र ते शून्यावर आणण्याचा अट्टहासही घातक. अशा टाकीत प्रवाळ फिके पडून उपाशी राहतात. निदानाआधी औषध ओतणे तर सर्वांत वाईट. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरील तांबेयुक्त औषध प्रवाळांना विषारी असते.

लवणता व अल्कलिनिटीतील दुरुस्ती काही दिवसांत, टप्प्याटप्प्याने करावी. मेलेल्या प्रवाळाच्या जागी नवा आणणे भारतात सोपे नाही: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशातील समुद्रातील कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत असून ते काढणे व विकणे हा गुन्हा आहे.