वसतिगृहे, अनाथालये व दवाखाने यांची जुनी छायाचित्रे (घोडेगाव–वडाळा परिसर)

नगर जिल्ह्यातील मिशन संस्थांची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची छायाचित्रे. जनावरांच्या व कांद्याच्या बाजारामुळे माहीत असलेले घोडेगाव (ता. नेवासे) नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने पुढे वडाळा बहिरोबा लागते. शाळा, बोर्डिंग आणि पुढे दवाखाना यांमुळे पंचक्रोशीत त्याला ‘वडाळा मिशन’ असेच म्हणतात.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्याने नगरला ठाणे केले. वडाळ्यात दीर्घकाळ राहिलेले या मिशनचे सॅम्युएल फेअरबँक (१८२२–९८) धर्मप्रसाराइतकेच शेती आणि पक्ष्यांमध्ये रमत; दक्षिणेतल्या पळणी डोंगरातील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे.

छायाचित्रांचा खरा ओघ सुरू झाला तो १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत. मिशनने अनाथ मुले मोठ्या संख्येने सांभाळायला घेतली. मदतीचा मोठा वाटा न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकाच्या वाचकांकडून आला. त्याचे संपादक लुई क्लॉप्श यांनी उभ्या केलेल्या मदतीतूनच १९०० मध्ये ‘क्विटो’ जहाज मका घेऊन मुंबईला आले. नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळी कामासाठी १९०१ मध्ये कैसर-ए-हिंद पदक मिळाले. मदत अशी परदेशातून येत असल्याने ही चित्रे नगरकरांसाठी काढलेलीच नव्हती. समुद्रापलीकडच्या देणगीदाराने खिशात हात घालावा, हा त्यांचा हेतू. ती वाचताना हे विसरून चालत नाही.

चित्रांची घडण या हेतूतूनच आली. बरगड्या मोजता येतील असे मूल, आणि शेजारी काही महिन्यांनंतरचे तेच, अंगात सदरा, हातात पाटी. अशा जोड्या त्या काळी सर्रास छापत. उवा-खरजेपायी भादरलेली डोकी, उंचीनुसार लावलेल्या रांगा, कडेला उभी बाई किंवा साहेब. यांतली काही चित्रे सव्वातीन बाय चार इंचांच्या काचेवर उतरवून, हाताने रंगवून, चर्चमधील व्याख्यानांत कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर दाखवीत. खाली बहुधा ‘दुष्काळातील अनाथ’ एवढेच. मुलाचे नाव, गाव, जात, मागे कोणी उरले का, काही नाही. साहेबाचे नाव मात्र हटकून सापडते.

औद्योगिक शाळांची चित्रे वेगळी वाटतात. मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी नगरला सुधारलेल्या हातमागावर बसलेला मुलगा कॅमेऱ्याकडे नव्हे, धोट्याकडे पाहतो. अशी चित्रे अधिक विश्वासार्ह मानावीत. केडगाव (ता. दौंड) येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची याच दुष्काळांतील चित्रेही तुलनेला घ्यावीत. तेथे संस्था चालविणारी बाई भारतीयच होती, तरी पैसा बराचसा परदेशातून येई आणि चित्रांची धाटणीही फारशी बदलत नाही.

दवाखान्यांच्या चित्रांत खाटांची ओळ, पांढऱ्या साडीतील परिचारिका व बाळंतिणी दिसतात. नगरमधील साल्व्हेशन आर्मीचे रुग्णालय आजही ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखले जाते. अमेरिकन मराठी मिशनच्या मातृसंस्थेची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत.