तालुक्याच्या वार्ताहरापासून सुरुवात

उमरग्यात बसून पत्रकारांच्या खुनांच्या अभ्यासात शिरायचे, तर आधी हैदराबादकडे पाहावे लागते. ऑगस्ट १९४८मध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना तिथे निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी गाठून मारले, हात तोडला. संस्थान भारतात विलीन व्हावे, असे ते लिहीत होते. आपला तालुकाही तेव्हा त्याच निजामी राज्यात होता.

पत्रकाराच्या खुनाचा अभ्यास खरा सुरू होतो तो खुनानंतर. कलम कोणते लागले, तपास कुणी केला, साक्षीदार टिकले का, निकाल कधी लागला? युनेस्कोच्या नोंदींनुसार जगभरात असे दहापैकी आठांहून अधिक खून शिक्षेविना राहतात. मुंबईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांचा खून ११ जून २०११चा. गुंड छोटा राजनसह नऊ जणांना शिक्षा झाली २०१८मध्ये. ‘साधना’चे संपादक नरेंद्र दाभोलकर यांचा खून २०१३चा, निकाल २०२४चा: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष, सूत्रधार सिद्ध झालाच नाही. दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्तेही होते, म्हणून त्यांना या यादीत धरावे का, यावर अभ्यासकांत वाद होऊ शकतो. मी धरतो.

पण माझा आग्रह राजापूरचे वार्ताहर शशिकांत वारिशे यांच्यापासून सुरुवात करण्याचा आहे. बारसूच्या नियोजित रिफायनरीविषयी ते लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची बातमी छापून आली. ज्याच्याविषयी ती होती, त्याच माणसाच्या गाडीने त्याच दिवशी त्यांना उडवले. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचे कलम लगेच लागले नाही. पत्रकार रस्त्यावर उतरल्यानंतर लागले. मोठ्या शहरातल्या पत्रकाराला संपादक असतो, वकील असतो. तालुक्याच्या वार्ताहराकडे अनेकदा नेमणूकपत्रही नसते, आणि ज्याच्याविरुद्ध लिहिले तो रोज त्याच बाजारात भेटतो. राज्याच्या २०१७च्या पत्रकार संरक्षण कायद्यात हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तपास उपअधीक्षकाच्या हुद्द्याखाली जात नाही. पण संरक्षण आहे ते पत्रकारिता हाच मुख्य व्यवसाय असणाऱ्याला. शेती किंवा दुकान सांभाळून बातम्या देणाऱ्याचे काय, हा प्रश्न नव्या अभ्यासकाने हाती घ्यावा.

त्यासाठी दिल्लीची ग्रंथालये लागत नाहीत. फिर्याद, दोषारोपपत्र आणि निकालपत्र शेजारी ठेवून वाचा, स्थानिक साप्ताहिकांच्या जुन्या फायली चाळा. आणि जुन्या वार्ताहरांकडे बसून विचारा: वाळूची, जमिनीची, ठेक्याची कोणती बातमी त्यांनी लिहिली आणि पाठवली नाही?