वारल्यांची कुळव्यवस्था व तिचे मूळ

वारली ही महाराष्ट्र व गुजरात या राज्यांच्या सीमाप्रदेशातील एक प्रमुख आदिवासी जमात. पालघर जिल्ह्यातील तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा व विक्रमगड या तालुक्यांत तसेच दादरा व नगरहवेली आणि वलसाड जिल्ह्यात तिची दाट वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात वारल्यांची संख्या सुमारे आठ लाख भरली. तलासरी तालुका पूर्वीच्या उंबरगाव तालुक्याचा भाग होता. १९६० च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. त्यामुळे एकाच कुळाची घरे दोन राज्यांच्या दप्तरांत विभागली गेली.

जमातीच्या मूळस्थानाविषयी जी मते मांडली गेली, त्यांपैकी बहुतेकांचा आधार ‘वारली’ हा शब्दच आहे. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वारली व कातोडी यांच्यावरील निबंधात त्याचा संबंध ‘वरल’ म्हणजे लागवडीखालील जमिनीचा लहानसा तुकडा या शब्दाशी जोडला. सप्तकोकणांच्या परंपरागत यादीत वरालाट नावाचा एक विभाग आहे. वारली हे तेथील मूळ रहिवासी, अशी दुसरी उपपत्ती आहे. काही अभ्यासकांनी त्यांना भिल्लांची शाखा मानले. यांतील कोणतीही व्युत्पत्ती एकटी पुरेशी नाही. नावाचा इतिहास हा लोकांचा इतिहास असतोच असे नाही. मात्र डोंगरउतारावरील झाडोरा तोडून व जाळून केलेली फिरती शेती हा वारल्यांच्या जुन्या जीवनाचा कणा होता, हे लक्षात घेता ‘वरल’ची उपपत्ती त्यांच्या जीवनाशी अधिक जुळते.

भाषेचा पुरावा वेगळ्या दिशेने जातो. महाराष्ट्रातील गोंड व कोलाम यांच्या भाषा द्राविडी कुलातील, तर कोरकूंची मुंडा कुलातील आहे. वारल्यांची बोली मात्र आर्यभारतीय असून ग्रीअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात ती मराठीच्या कोकणी प्रदेशातील बोलींबरोबर घेतलेली आहे. उत्तरेकडे तिच्यावर गुजरातीची छटा दिसते. यावरून वारली हे कोठून तरी आलेले मराठे होत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना पडला. बोली बदलते, तिच्याबरोबर समाजाची घडण बदलतेच असे नाही. ही घडण कुळव्यवस्थेत पाहावयास मिळते.

विल्सन व त्यानंतर ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर (१८८२) यांनी जमातीचे मुर्डे, डावर व निहिरी असे पोटविभाग नोंदविले. त्यांच्या खालचा आणि व्यवहारात अधिक महत्त्वाचा घटक म्हणजे कुळ. वांगड, धोदडे, दुमाडा, धांगडा, वायेडा ही त्यांतील काही. कुळ पित्याकडून मुलाकडे येते; एका कुळातील स्त्रीपुरुषांचा विवाह निषिद्ध असतो; विवाहानंतर स्त्री पतीच्या कुळात जाते. मुलीच्या घरच्यांना देज देण्याची चाल असल्यामुळे, ज्याला देज परवडत नसे तो सासऱ्याच्या घरी राहून काम करी.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य पूर्व आफ्रिकेतील सोमाली समाजाच्या तुलनेने स्पष्ट होते. सोमालींची कुळे वंशावळीच्या फांद्यांसारखी एकात एक बसविलेली असतात. मूल आपल्या पूर्वजांची नावे लहानपणीच तोंडपाठ करते आणि खुनाची भरपाईही याच नात्याने ठरते. दारोद व इसहाक यांसारखे मोठे समूह आपला मूळपुरुष अरबस्तानातून आल्याचे सांगतात. परंतु त्यांची भाषा कुशाइटी कुलातील, ओरोमो व रेंदिले या शेजारी भाषांची नातलग आहे. इस्लामपूर्व आकाशदेवाचे ‘वाक’ हे नावही ओरोमोंमध्ये आढळते. म्हणजे वंशावळ अरबी, पण संस्कृतीचे मूळ आफ्रिकेच्या शिंगातच. तेथे मूळपुरुषाच्या कथेने धार्मिक प्रतिष्ठा दिली. इतिहास मात्र त्या कथेबाहेर सापडला.

वारल्यांच्या कुळांना असा एकच मूळपुरुष नाही. ती एकमेकांशेजारी असतात, एकाखाली एक नसतात. जाधव, पवार, भोये यांसारखी नावे शेजारच्या कोकणा व मराठा समाजांतही आढळतात. त्यावरून रजपूत किंवा मराठा वंशाचा दावा करणे म्हणजे सोमालींच्या अरबी वंशावळीची पुनरावृत्ती करणे होय. डोंगरपट्ट्यात वेगवेगळ्या काळी आलेले व मुळात असलेले गट परस्परांत मुली देत-घेत एका जमातीत सामावले गेले, हे अशा रचनेचे अधिक सरळ स्पष्टीकरण आहे. कोळी, कोकणा व दुबळा यांच्या सान्निध्यात हे शतकानुशतके चालले असावे.

जव्हारच्या राजघराण्याच्या आख्यायिकेत या पूर्वकाळाची आठवण टिकून आहे. तीनुसार तो प्रदेश एका वारली नायकाच्या ताब्यात होता. पौपेरा या कोळी पुरुषाने त्याच्याकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला. कार्थेजच्या डायडो राणीविषयीही हीच कथा सांगतात. त्यामुळे घटना म्हणून ती खरी धरता येत नाही. तथापि कोळी राजवटीपूर्वी वारल्यांची सत्ता होती, हे विजेत्यांच्या कथेनेच मान्य करावे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कुळाची ओळख वंशावळीपेक्षा विधींत टिकली. घरातील देवांत मोरपिसांच्या रूपातील हिरवा, नारनदेव व हिमाय यांना स्थान असते. गावाच्या सीमेवर वाघ्या पुजला जातो. धान्यदेवता कणसरी हिचे पूजन भगत करतो. विवाह मात्र धवलेरी या स्त्रिया गीतांनी लावतात आणि सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहून त्यात पालघट देवीची आकृती काढतात. पुरोहिताचे काम स्त्रियांकडे असणे, हे ब्राह्मणी विवाहविधीपासून स्वतंत्र अशा परंपरेचे लक्षण आहे.

या व्यवस्थेवर खरा आघात झाला तो एकोणिसाव्या शतकात. १८७८ च्या वनकायद्याने फिरती शेती आक्रसली, जमिनी सावकार व जमीनदार यांच्याकडे गेल्या आणि लग्नाचा खर्चही कर्जाने भागवावा लागला. त्या कर्जापोटी राबणाऱ्यास ‘लग्नगडी’ म्हणत. कुळ जोडणारा विवाहच अशा रीतीने वेठीचे कारण बनला. अनेक जोडपी लग्नविधीवाचून एकत्र राहत आणि तो पुढे कित्येक वर्षांनी पार पाडीत. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी तलासरीजवळील झरी येथून किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांचे आंदोलन उभे राहिले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच आदिवासी मरण पावले. वेठ व लग्नगडीची पद्धत त्या लढ्याने मोडली. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात तिचे वर्णन आले आहे.

पुढे कुळाचे नाव हेच आडनाव म्हणून शाळेच्या व महसुलाच्या दप्तरी लागले. महाराष्ट्रात जमातीच्या दाखल्याची पडताळणी होताना कुळे, देव व विवाहरीती यांविषयी प्रश्न विचारण्याची ‘आप्तभाव’ कसोटी रूढ झाली. १९९४ मध्ये महादेव कोळी जमातीच्या दाव्यातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थान दिले होते. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ही कसोटी निर्णायक मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. शहरात वाढलेल्या व धवलेरीवाचून लग्न झालेल्या पिढीच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. वनहक्क कायद्यानुसार (२००६) अनुसूचित जमातीच्या कुटुंबास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, तर इतर पारंपरिक वननिवाशांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. त्यामुळे तलासरी-डहाणूच्या वनजमिनींवरील दाव्यांतही जमातीचा दाखला निर्णायक ठरतो.