आहारविकार, अल्पवयीनांचे : उपचार व संमती

वजन व शरीराची ठेवण यांविषयीच्या टोकाच्या चिंतेतून खाण्याची घडी बिघडवणारे मानसिक विकार. ॲनोरेक्सिया नर्व्होसा व बुलिमिया नर्व्होसा हे प्रमुख प्रकार. भाकरी कुस्करून ताटात पसरणे, दर दोन दिवसांनी नवा उपास काढणे, जेवणानंतर मोरीत जाऊन ओकणे, ही घरात दिसणारी लक्षणे. पुढे नाडी मंदावते, मुलींची पाळी थांबते. अतिकृश रुग्णाला एकदम भरपेट खाऊ घातल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात.

भारतात १८ वर्षांखालील रुग्णाच्या वतीने सामान्यतः पालक संमती देतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८७ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीचा (सामान्यतः पालकाचा) अर्ज आणि मनोविकारतज्ज्ञासह दोघांची स्वतंत्र तपासणी झाल्यावरच अशा रुग्णाला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करता येते. रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवतात. दाखल केल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. मुक्काम ३० दिवसांपुढे गेल्यास मंडळ आढावा घेते. प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहणे बंधनकारक आहे. लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या शेतीप्रधान तालुक्यात याचा अर्थ ऐन सुगीत घरातला एक माणूस कमी होणे. कायद्याची सही पालकांची असली, तरी मुलाचा होकार मिळाल्याशिवाय उपचार टिकत नाहीत.