बाबांच्या नावावरचे घर : बौद्ध कुटुंबात वारसा कोणाला, किती?

“आपण बौद्ध आहोत, मग आपल्याला हिंदू वारसा कायदा कसा काय लागू?” वस्तीतल्या बैठकीत घराच्या वाटणीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. पण हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला आणि चारच महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. दीक्षा घेतल्याने कोणाचा वारसाहक्क गेला नाही. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न केले आणि नवरा-बायको दोघेही बौद्ध असले, तरी हाच कायदा चालतो. बौद्धांसाठी स्वतंत्र कायदा हवा ही मागणी आपल्या जागी. तो होईपर्यंत वाटणी याच कायद्याने होणार.

आता घराचे बघू. आपल्याकडची बहुतेक घरे वडिलोपार्जित नसतात. मिलमध्ये, रेल्वेत किंवा शाळेत नोकरी करून बाबांनी घेतलेला प्लॉट, त्यावर हळूहळू बांधलेल्या खोल्या. म्हणजे स्वकष्टार्जित मालमत्ता. मृत्युपत्र न करता बाबा वारले, तर पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि बाबांची आई हयात असेल तर ती, या सर्वांना समान हिस्सा मिळतो. आजी, आई, दोन भाऊ, एक बहीण असतील तर पाच सारखे हिस्से. आधीच वारलेल्या मुलाचा हिस्सा त्याच्या बायको-मुलांकडे जातो. आजीला मात्र सगळेच विसरतात.

“मुलीला हक्क २००५ नंतर मिळाला” असे सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सेदार झाली, आणि विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे गरजेचे नाही. स्वकष्टार्जित घरात मात्र तिचा हिस्सा १९५६ पासूनच आहे. अडचण होती ती कलम २३ ची : भाऊ वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. ते कलमही २००५ मध्येच गेले.

तरी प्रत्यक्षात काय होते? पुण्यानुमोदनाला बहिणी माहेरी येतात, आणि आठवडाभरात हक्कसोडपत्र तयार असते. “माहेर तुटेल” या धाकाने सह्या होतात. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका हिस्सा ठेवला होता. ते बिल रखडले, आणि सप्टेंबर १९५१ मधल्या त्यांच्या राजीनाम्याचे ते एक प्रमुख कारण होते. घराघरात त्यांचा फोटो आहे, म्हणून हे लिहावे लागते. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागे घेणे फार कठीण असते, ते वाचल्याशिवाय सही करू नये. बाबा हयात असताना मुलीकडून “मला काही नको” असे लिहून घेतले असेल, तर त्याला साधारणपणे काही अर्थ नसतो. जो हक्क अजून मिळालाच नाही तो सोडता येत नाही.

भांडण टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मृत्युपत्र. साध्या कागदावर चालते, स्टँप ड्युटी नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्याला घर मिळणार तोच साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. स्वकष्टार्जित घर बाबा कोणालाही देऊ शकतात, हेही मुलींनी लक्षात ठेवावे.

नोकरी करणाऱ्या बायकांनी तर मृत्युपत्र करावेच. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राशिवाय वारली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट नवऱ्याच्या वारसांकडे जातो. तिला शिकवणाऱ्या आईचा क्रम त्यांच्यानंतर. नॉमिनी लावले म्हणून काम झाले असे समजू नका. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक वारसच.

घर घेताना नागपुरात जास्त फसवणूक कागदांत होते. शहराच्या कडेच्या ले-आउटमधले कितीतरी प्लॉट शंभराच्या स्टँपवर, नोटरी करून किंवा मुखत्यारपत्रावर विकले गेले. अशा कागदाने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत विक्रीपत्रच हवे. सोबत आखीव पत्रिका किंवा सातबारा, जमीन अकृषक असल्याचा कागद, आणि गुंठेवारीतला प्लॉट असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचे आर. एल. पत्र बघा. लीजचा प्लॉट असेल तर मुदत कधी संपते ते विचारा. झोपडपट्टीतला पट्टा असेल तर विक्रीवरच्या अटी त्यातच लिहिलेल्या असतात. टॅक्स पावती आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हे. भावाने फक्त स्वतःचे नाव चढवून घेतले, तरी बहिणीचा हिस्सा तिथेच राहतो.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतले बौद्धही त्यात येतात. जाताना मृत्यूचा दाखला, घराचे मूळ कागद आणि सगळ्या वारसांची नावे लिहून न्या. आजीचे नावही लिहा.